‘ताई, सोडू का?’

माझ्या मामेभावाने हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तेव्हा रात्र बरीच झाली होती आणि त्याने नेहमीच्या सवयीने खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला होता. एकवीस वर्षे तो एकाच कारखान्याचे स्टोअर सांभाळत आला होता. त्या जुडग्यातल्या काही किल्ल्यांवर कोरलेले आकडे इतके झिजले होते की ते डोळ्यांना दिसत नसत, अंगठा फिरवला तरच कळत, आणि तो बोलता बोलता तेच करत होता. दुसऱ्या एका ठिकाणाहून आलेले ऑफर लेटर त्याच्या पाकिटात होते. पुन्हा पुन्हा उघडून घडी घातल्यामुळे त्या कागदाच्या घड्या पांढऱ्या पडल्या होत्या. ‘‘ताई, सोडू का?’’ एवढेच तो म्हणाला.

उत्तर माझ्या ओठांवर तयार होते. गेली दोन वर्षे मी त्याला कोमेजताना पाहत होते आणि त्याने तिथून बाहेर पडावे असे मला मनापासून वाटत होते. तरीही मी गप्प राहिले, कारण अशाच एका प्रश्नाला मी पूर्वी एकदा तत्परतेने उत्तर दिले होते आणि त्याचे ओझे अजून मनावर आहे. तेव्हाचे माझे एक सहकारी चौदा वर्षांच्या नोकरीनंतर द्विधा मनःस्थितीत सापडले होते. मी त्यांना ठामपणे ‘सोडा’ म्हणाले, कारणेही एकामागून एक सांगितली आणि त्यांनी महिन्याभरात राजीनामा दिला. नवी जागा वाईट नव्हती, पण त्या वयात पुन्हा नवखे होणे त्यांना फार जड गेले. वर्षभराने भेट झाली तेव्हा ते अगदी शांतपणे म्हणाले, ‘‘तुम्ही म्हणालात म्हणून सोडली.’’ त्या वाक्यात राग नव्हता, त्यामुळेच ते मला अधिक लागले. माझा सल्ला चूक होता की बरोबर, हे मी आजही सांगू शकत नाही. मात्र त्या सल्ल्यामागची कारणे माझी होती, त्यांची नव्हती, आणि म्हणून नव्या जागी कठीण दिवस आले तेव्हा धरून ठेवायला त्यांच्या हाताशी स्वतःचे असे काहीच नव्हते.

या बाबतीत मला एक जुने पत्र नेहमी आठवते. १७७२ साली जोसेफ प्रीस्टली हे वैज्ञानिक लीड्स येथे धर्मोपदेशक होते आणि लॉर्ड शेल्बर्न या उमरावाने त्यांना आपल्याकडे ग्रंथपाल म्हणून बोलावले होते. हातची जागा सोडावी की नाही हे ठरेना, म्हणून त्यांनी बेंजामिन फ्रँकलिन यांचे मत मागितले. फ्रँकलिन यांनी त्याच वर्षी १९ सप्टेंबरला जे उत्तर पाठवले त्याचा आशय असा होता, की पुरेशी माहिती नसल्यामुळे काय ठरवावे हे मी सांगू शकत नाही, कसे ठरवावे हे मात्र सांगू शकतो. कागदाच्या मधोमध रेघ ओढायची, एका बाजूला अनुकूल आणि दुसऱ्या बाजूला प्रतिकूल कारणे तीन-चार दिवस सुचतील तशी लिहीत जायची आणि मग सारख्या वजनाची कारणे दोन्हीकडून खोडत न्यायची. कधी एका बाजूच्या दोन कारणांना दुसऱ्या बाजूची तीन कारणे पुरी पडतात, तर तीही एकदम खोडायची. दोन रकाने सर्वांनाच ठाऊक असतात. त्यातले तीन-चार दिवस मात्र आपण विसरतो. एका बैठकीत भरलेल्या कागदावर त्या दिवसाची मनःस्थिती तेवढी उतरते. सकाळी साहेबांशी वाजले असेल तर एक रकाना भरून वाहतो आणि दुसरा रिकामा राहतो.

मी भावाला एक वही दिली आणि आठवडाभर घाई करू नकोस असे सांगितले. तरीही पहिल्याच दिवशी माझ्याकडून एक चूक झाली. बोलण्याच्या भरात मी म्हणून गेले, ‘‘अरे, तिथे आता तुझे राहिलेच काय आहे?’’ त्यासरशी तो सावरून बसला आणि त्या नोकरीची बाजू मांडू लागला: माणसे ओळखीची आहेत, पगार वेळेवर होतो, आजारपणात दोन महिने सांभाळून घेतले होते. क्षणापूर्वी सोडायला निघालेला माणूस माझ्या एका वाक्याने राहण्याच्या बाजूचा वकील झाला. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञांनी दारूच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांबरोबर काम करताना हेच हेरले होते आणि १९८३ मधल्या त्यांच्या लेखातून समुपदेशनाची एक पद्धतच पुढे उभी राहिली. माणसाच्या मनात दोन्ही बाजू जिवंत असतात. ऐकणाऱ्याने एक बाजू उचलून धरली की बोलणारा आपसूक दुसरी धरतो, आणि जे तो स्वतःच्या तोंडाने बोलतो तेच त्याला अधिक पटत जाते. तेव्हापासून मी बाजू घेणे सोडले आणि फक्त प्रश्न विचारू लागले. त्यातही ‘का’ने सुरू होणारे प्रश्न टाळले, कारण ‘का’ विचारले की माणूस समर्थनाला लागतो. ‘‘गेल्या महिन्यातला कोणता दिवस बरा गेला?’’ अशा साध्या प्रश्नाने कितीतरी जास्त काही बाहेर आले.

सर्वांत आधी उलगडायला हवी होती ती एक गाठ, आणि माझ्या मते अशा प्रत्येक निर्णयात तिथेच थांबून पाहावे लागते. माणूस नोकरीला कंटाळला आहे, की नुसता थकला आहे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगांच्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे, आणि तिची तीन लक्षणे दिली आहेत: शक्ती संपून गेल्याची भावना, कामापासून मनाने दूर जाणे किंवा कामाविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. ही तिन्ही माझ्या भावात दिसत होती. दीड वर्षात त्याने सलग दोन दिवसांपेक्षा जास्त रजा घेतली नव्हती. थकलेल्या माणसाला प्रत्येक दार सुटकेचे वाटते, म्हणून मी त्याला एकच गोष्ट आग्रहाने सांगितली, आणि या सगळ्या काळात मी त्याला सांगितलेली ती एकमेव गोष्ट असेल, की आधी दहा दिवसांची रजा घे आणि त्या दहा दिवसांत काहीही ठरवू नकोस.

पहिले चार दिवस तो नुसता झोपला. सहाव्या दिवशी त्याचा चेहरा उजळला, तो हसू-बोलू लागला, आणि मला वाटले की हा केवळ थकवाच होता. पण आठव्या दिवशी कामाचा विषय निघताच तो पुन्हा गप्प झाला आणि त्या संध्याकाळी त्याने मला बेअरिंगच्या खोक्यांची गोष्ट सांगितली.

काही महिन्यांपूर्वी एका पुरवठादाराकडून बेअरिंगचा एक लॉट आला होता. खोक्यावरची छपाई त्याला किंचित वेगळी दिसली, एक बेअरिंग हातात घेऊन फिरवले तर फिरण्यातही काहीतरी अडखळल्यासारखे वाटले, म्हणून त्याने तो लॉट बाजूला ठेवून शेरा लिहिला. एकवीस वर्षांत अशा शेऱ्यावर कुणी प्रश्न विचारला नव्हता. या वेळी वरून निरोप आला की संगणकावर माल योग्य म्हणून नोंदला गेला आहे, तेव्हा इश्यू करा. त्याने माल दिला आणि रजिस्टरवर सही केली. पुढे त्या मालाचे काय झाले हा मुद्दाच नव्हता. कदाचित तो माल चांगलाही असेल. ‘‘ताई, पेन माझे, सही माझी, आणि मी तिथे नव्हतोच,’’ असे तो म्हणाला, आणि त्या आठ दिवसांत पहिल्यांदा मला कळले की आपण आजवर चुकीच्या प्रश्नाभोवती फिरत होतो. काम त्याला नकोसे झाले नव्हते. त्याची पारख तिथे कुणाला नको होती. हे दुखणे रजेने बरे होण्यासारखे नव्हते.

त्यानंतर वहीत खरी कारणे उतरू लागली. राहण्याच्या बाजूला सर्वांत वर, दोनदा अधोरेखित केलेले एक वाक्य होते: ‘एकवीस वर्षे दिली.’ हे वाक्य मी हलके मानत नाही. दीर्घ नोकरी सोडणाऱ्याला आयुष्याचा एक तुकडा मागे ठेवावा लागतो, आणि बाहेरच्या माणसाने ‘झाले गेले विसर’ म्हणणे हा निव्वळ कोरडेपणा आहे. तरीही गेलेल्या काळाची ओढ निर्णयाला कुठे नेते हेही पाहायला हवे. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या संशोधकांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नाटकांच्या हंगामी तिकिटांपैकी काही पूर्ण किमतीला आणि काही सवलतीत दिली होती. तिकीट कुणाला कसे मिळेल हे निव्वळ योगायोगावर सोडले होते, आणि तरीही हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण किंमत मोजलेले लोक अधिक नाटकांना गेले. नाटके सर्वांसाठी तीच होती. फरक होता तो आधीच खर्च होऊन गेलेल्या पैशांचा. वर्षांचेही असेच होते. जितकी अधिक वर्षे दिली तितके आणखी एक वर्ष द्यावेसे वाटते.

मात्र इथे एक भेद करावा लागतो, आणि ‘बुडीत खर्च विसरा’ असे सांगणारे लोक तो बहुधा करत नाहीत. गेलेली सगळीच वर्षे बुडीत नसतात. त्यांतून मिळालेली पारख, ओळखी आणि नाव हे पुढेही कामाला येते. साठलेली रजा, सेवेच्या वर्षांवर ठरणारे देणे यांची किंमत तर उद्याच्या तारखेवर अवलंबून असते. म्हणून मी त्याला ‘एकवीस वर्षे दिली’ या वाक्याचे तुकडे करायला सांगितले: त्यातले काय होऊन गेले, काय माझ्याबरोबर येईल, आणि काय इथेच राहिले तरच मिळेल. तिसऱ्या तुकड्यासाठी त्याला स्वतःचे नेमणूकपत्र शोधून काढावे लागले. एकवीस वर्षांत त्याने ते पुन्हा कधी वाचले नव्हते. नोटिशीची मुदत एक महिन्याची आहे असे तो धरून चालला होता. कागदावर ती तीन महिन्यांची निघाली. नव्या ठिकाणी त्याने तोंडी कबूल केलेली रुजू होण्याची तारीख त्यात बसतच नव्हती. त्याने तिकडे लगेच फोन केला आणि त्यांनी थांबण्याची तयारी दाखवली. पैशांचा हिशेब त्या मानाने सोपा होता: पगार उशिरा सुरू झाला तर घर किती महिने चालेल, आणि नवी जागा सहा महिन्यांत सुटली तर काय करायचे. तो त्याने पत्नीबरोबर बसून केला. मी त्या बैठकीत नव्हते आणि नसणेच योग्य होते, कारण त्या निर्णयाचे परिणाम ज्यांच्या घरात राहणार होते त्यांनीच ते आकडे मांडायला हवे होते.

या दिवसांत त्याला भेटणारा जो तो ‘तुझ्या जागी मी असतो तर’ म्हणून सुरुवात करत होता. हे वाक्य कितीही प्रेमाने उच्चारले तरी मला ते आता खटकते. त्याच्या जागी मी गेले तर मी माझी भीती, माझी बचत आणि माझा स्वभाव बरोबर घेऊन जाणार. मग ती त्याची जागा राहते कुठे?

नव्या नोकरीविषयी त्याला पद आणि पगार यांपलीकडे फारसे काही माहीत नव्हते. जुन्या नोकरीतले काटे बोटांवर मोजता येत होते आणि नवी जागा एका कागदापुरती होती; ही तुलना न्याय्य नव्हती. मी विचारले, आधीचा माणूस का गेला? तुझे वरिष्ठ कोण असतील? तू माल नाकारलास तर शेवटचा शब्द कुणाचा? यातल्या एकाचेही उत्तर त्याच्याकडे नव्हते. मग त्याने तिथे अर्धा दिवस घालवण्याची परवानगी मागितली आणि ती मिळालीही. परत आल्यावर तो पगाराबद्दल काही बोलला नाही. माल उतरवण्याच्या जागेशेजारी नाकारलेल्या मालासाठी एक वेगळी, जाळीची खोली होती आणि प्रत्येक खोक्यावर कारण, तारीख आणि सही असलेली चिठ्ठी होती; त्या चिठ्ठ्यांबद्दल तो बराच वेळ बोलत राहिला. त्याचा आवाज बदलला होता. मी ते त्याला बोलून दाखवले नाही, कारण तो बदल त्याच्याही लक्षात आला होता.

तरी नव्याच्या ओढीबद्दल सावध असणे मला गरजेचे वाटते. वेंडी बॉसवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली मांडलेल्या अभ्यासात वरिष्ठ व्यवस्थापकांच्या बाबतीत असे दिसले होते, की नोकरी बदलल्यावर समाधान एकदम वाढते आणि पुढे ते पुन्हा उतरते. म्हणून पहिल्या महिन्याचे चित्र रंगवण्यात अर्थ नसतो. मी त्याला दीड वर्षानंतरचा एखादा मधलाच, काहीही विशेष न घडणारा दिवस डोळ्यांपुढे आणायला सांगितले. नवेपण ओसरले आहे, तिथलेही दोष कळले आहेत, आणि तू माल तपासतो आहेस. असाच एक दिवस जुन्या जागीही कल्पून पाहा, असेही सांगितले. राहणे म्हणजे काहीच न करणे, असा आपला समज असतो. खरे पाहता राहणाराही पुढची वर्षे खर्च करतच असतो, आणि ती कशासाठी खर्च करतो आहे हे त्यालाही सांगता आले पाहिजे.

एका रात्री तो वैतागून म्हणाला, ‘‘यापेक्षा नाणे उडवतो.’’ मी त्याला सांगितले की हे खरोखर करून पाहिलेले आहे. स्टीव्हन लेविट या अर्थतज्ज्ञांनी द्विधेत सापडलेल्या लोकांना संकेतस्थळावर नाणे उडवू दिले होते. वीस हजारांहून अधिक वेळा ते उडवले गेले, आणि नोकरी सोडण्यासारख्या मोठ्या प्रश्नांत ज्यांनी बदल केला ते सहा महिन्यांनी अधिक सुखी असल्याचे आढळले. यावरून ‘सोडावीच’ असा निष्कर्ष काढणे चूक होईल, कारण नाणे उडवायला आलेले लोक आधीच उंबरठ्यावर उभे होते. पण जो दोन-दोन वर्षे त्याच उंबरठ्यावर उभा आहे, त्याने या निष्कर्षाचा विचार जरूर करावा, असे माझे मत मी त्याला दिले. तो बराच वेळ काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने जे केले ते मला सुचले नव्हते. तो आपल्या वरिष्ठांकडे गेला आणि माल नाकारण्याचा अधिकार स्टोअरला परत मिळावा अशी लेखी मागणी केली. राजीनाम्याची धमकी त्याने दिली नाही, ऑफरचा उल्लेखही केला नाही. ‘पाहू’ असे उत्तर मिळाले. त्याने स्वतःशी एक तारीख ठरवली, वार्षिक स्टॉक मोजणी संपेपर्यंतची, आणि ती वहीत लिहून ठेवली. मोजणी संपली, त्याने पुन्हा विचारले, आणि या वेळी ‘सध्या नको’ असे उत्तर आले. त्या संध्याकाळी त्याने मला फोन केला. ‘‘ताई, उद्या राजीनामा देतोय,’’ असे सांगून त्याने कारणे सांगितली. तीन होती, तिन्ही त्याची होती, आणि त्यांतले एक मी कधी ऐकलेही नव्हते. मी फक्त विचारले की पत्रावर तारीख नीट घातलीस ना.

प्रीस्टली यांनी १७७३ मध्ये लीड्स सोडले आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये शेल्बर्न यांच्या बोवूड येथील वास्तूत काम करताना त्यांनी तो वायू वेगळा केला ज्याला आपण आज ऑक्सिजन म्हणतो. हे कोणत्याही रकान्यात लिहून ठेवता आले नसते.

नोटिशीच्या शेवटच्या आठवड्यात भाऊ पुन्हा माझ्याकडे आला. किल्ल्या सुपूर्द करायच्या होत्या आणि त्यांची यादी त्याला नीट, सुवाच्य अक्षरात हवी होती. तो एकेक किल्ली जुडग्यातून काढून अंगठ्याने आकडा वाचत गेला, कपाटाचे नाव सांगत गेला, आणि मी लिहीत गेले. एकूण अडतीस किल्ल्या निघाल्या. दोन किल्ल्या कशाच्या हे त्याला आठवेना. त्याने त्या थोडा वेळ हातात धरल्या, मग एका पाकिटात घालून वर लिहिले: ‘कुलूप माहीत नाही, जपून ठेवाव्यात’, आणि खाली सही केली.